चौघे जण आणि बंद दार

शास्त्रपाठ : मार्क २:१-१२



कफर्णहूमातील त्या घराची गोष्ट आपण शब्बाथशाळेत बसू लागल्यापासून ऐकत आलो आहो. प्रभु घरात आहे ही बातमी गावात पसरली, आणि इतके लोक जमले की दारापाशी सुद्धा उभे राहावयास जागा उरली नाही. अशा वेळी चौघे जण एका पक्षघाती मनुष्याला बाजेवर घालून तेथे आले. दारातून आत जाणे शक्य नव्हते. तेव्हा ते बाहेरच्या जिन्याने वर चढले, त्यांनी छप्पर उकरले आणि बाज दोरांनी खाली सोडली. आपल्याकडे सोलापूर व मराठवाडा ह्या बाजूस जी माळवदी घरे आहेत, तशीच सपाट, मातीची छपरे त्या देशात असत. माळवदाला उजेडासाठी साणे ठेवलेले असते. पण साण्यातून बाज उतरत नाही. तेव्हा त्यांनी किती माती काढली असेल व ती खाली बसलेल्या प्रतिष्ठित मंडळींच्या डोक्यावर किती पडली असेल, ह्याचा अंदाज ज्याने कधी माळवद दुरुस्त केले आहे त्यालाच येईल.

दाराशी उभे असलेले लोक दुष्ट नव्हते, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. ते देवाचे वचन ऐकावयास आलेले होते. रोगी मनुष्याची वाट अडविण्याचा त्यांचा हेतु नव्हता. ते केवळ तेथे उभे होते. वाट अडविण्यास वाईटच मनुष्य लागतो असे नाही. चांगला मनुष्य चुकीच्या जागी उभा राहिला तरी तेवढ्याने वाट अडते. हे मी दुसऱ्या कोणाविषयी लिहीत नाही. २०२० साली आमच्या मंडळीत त्या दारात कोण उभे होते हे मला ठाऊक आहे, आणि ते सांगावे म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

त्याच्या दोन वर्षे आधी आमच्या मंडळीतील तरुणांनी व काही बायांनी मिळून एक सेवामंडळ काढले होते. सभासद अकरा. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी देवळाच्या पडवीत सभा होई. म्हाताऱ्या माणसांना तालुक्याच्या रुग्णालयात नेणे, विहिरीभोवतालची जागा साफ ठेवणे, परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या अभ्यासासाठी रात्री दिवा व बैठक ह्यांची सोय करणे, अशी त्यांची कामे. मी पाळक म्हणून अध्यक्ष होतो, आणि खरे सांगावयाचे तर त्या मंडळाचा मला थोडा अभिमान वाटत असे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली. २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी लागू झाली. देवळे, मशिदी, मंदिरे सर्व बंद झाली. ते योग्यच होते. आमचे देऊळ मी त्याच्याही आधी बंद केले, त्याविषयी मला खेद नाही. परंतु त्याच संध्याकाळी मी मंडळाच्या इतिवृत्ताची वही मागवून घेतली आणि तिच्यात माझ्या हाताने एक ओळ लिहिली: "पुढील सूचना मिळेपर्यंत मंडळाचे काम बंद." मंडळाचे चिटणीस प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी ओळ वाचली व विचारले, "पाळकसाहेब, सभा बंद की काम बंद?" मी उत्तर दिले, "मास्तर, दोन्ही एकच." ते काही बोलले नाहीत. वही घेऊन गेले.

गावाच्या टोकाला आमच्या मंडळीतील एक विधवा आजी एकट्या राहत असत. त्यांना बीपीचा, म्हणजे रक्तदाबाचा, विकार होता. दर महिन्याला मंडळाची एक मुलगी तालुक्याहून त्यांच्या गोळ्या आणून देई. एप्रिलमध्ये गोळ्या संपल्या. एस. टी. बंद, मंडळ बंद. आजींनी वाट पाहिली. त्यांना वाटले की सर्वच बंद आहे तर गोळ्यांचे काय सांगावे. अकरा दिवस त्या गोळीवाचून राहिल्या. बाराव्या दिवशी सकाळी आशाताई घरोघर चौकशी करीत तेथे पोहोचल्या, तेव्हा आजी अंगणात पडलेल्या होत्या. उजवे अंग लुळे पडले होते आणि जीभ वळत नव्हती. आजी वाचल्या. तीन महिन्यांनी त्यांना नीट बोलता येऊ लागले, तेव्हा मी त्यांना भेटावयास गेलो. त्यांनी माझ्यावर राग धरला नाही. तो धरला असता तर मला सोपे गेले असते. त्या इतकेच म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुम्हीच दार लावून घेतलंत, मग मी हाक कुणाला मारू?"

बंधूंनो, मार्काच्या शुभवर्तमानात पक्षघाती मनुष्याला चौघांनी आणले असे आहे. आमच्या गावात पक्षघाती मनुष्य निर्माण झाला, तो ते चौघे घरी बसले म्हणून. आणि त्यांना घरी बसविणारा मी होतो.

त्यानंतर चिटणीस मास्तरांचा तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. मंडळ म्हणजे काय? सभा म्हणजे मंडळ काय? शहरांत रोटरी क्लब असतात हे आपणांपैकी पुष्कळांना माहीत आहे. पोलिओच्या लसीकरणाच्या दिवशी त्यांच्या चाकाचे चिन्ह बुथावर आपण पाहिले आहे. ह्या संस्थेची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाली, आणि पहिल्या बैठकीला किती जण होते म्हणाल, तर चौघेच: पॉल हॅरिस नावाचे वकील, एक कोळशाचे व्यापारी, एक खाणींचे अभियंते व एक शिंपी. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत फिरे, म्हणून फिरणारी ह्या अर्थाने 'रोटरी' असे नाव पडले. आरंभी त्यात सेवेचा फारसा विचार नव्हता. ओळखी वाढाव्या, धंद्यास मदत व्हावी, एकटेपणा जावा, एवढेच. १९०७ साली त्यांनी पहिले लोकोपयोगी काम हाती घेतले, ते शिकागो शहरात सार्वजनिक शौचकूप बांधविण्याचे. (आपल्याकडील किती मंडळे आपल्या पहिल्या कार्याच्या अहवालात शौचकूपाचे नाव घालतील?) १९८५ पासून ह्या संस्थेने पोलिओ नाहीसा करण्याचे काम अंगावर घेतले. आपल्या देशातील त्या रोगाचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी बंगालातील हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत व शेजारचे काही देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाले.

आता पाहा. ज्या संस्थेचे नावच बैठकीवरून पडले, तिची बैठक २०२० मध्ये जगभर बंद पडली. पोलिओच्या घरोघर जाण्याच्या मोहिमा सुद्धा त्या मार्च महिन्यात थांबवाव्या लागल्या, कारण लस देणाऱ्याच्या हातूनच नवा रोग घरात जाण्याचे भय होते. तरी काम संपले नाही. सभासद दूरध्वनीच्या पडद्यावर भेटू लागले. गावोगावच्या क्लबांनी मुखपट्ट्या, शिधा आणि पुढे प्राणवायूची यंत्रे पुरविली. पोलिओचे रोगी शोधण्यासाठी वर्षानुवर्षे तयार केलेली माणसे कोरोनाच्या संपर्कातील लोक शोधावयास लागली. त्याच वर्षी २५ ऑगस्ट रोजी आफ्रिका खंडातून जंगली पोलिओ नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्यांना दार बंद मिळाले तेव्हा त्यांनी जिना शोधला. ही संस्था ख्रिस्ती नाही, व तिच्या सर्वच क्लबांत सर्व काळ सेवाच चालते असेही मी म्हणणार नाही. काही ठिकाणी हार-तुरे व छायाचित्रे अधिक असतात. परंतु सभा व काम ही दोन आहेत हे त्यांना कळले होते, आणि सेमिनरीत चार वर्षे शिकलेल्या मला ते कळले नव्हते.

कोणी म्हणेल की पैसेवाल्या शहरी लोकांचे उदाहरण आम्हां खेडुतांना कशाला? तर मग आपल्या मातीतलेच घ्या. २०२० साली महाराष्ट्र सरकारने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ चा आहे. तो ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झाला. त्याच्या आधीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक संनिपाताची, म्हणजे प्लेगची, साथ ओळखली गेली होती, आणि ती पुण्यापर्यंत येऊन पोहोचली होती. लोक घरे सोडून पळत होते. जे राहिले ते रोग्यांना लपवून ठेवीत होते, कारण झडती घेणाऱ्यांचे भय रोगाहून कमी नव्हते.

त्या वेळी सावित्रीबाई फुले सहासष्ट वर्षांच्या होत्या. जोतीरावांना जाऊन सहा वर्षे उलटली होती. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाची धुरा त्या वाहत होत्या. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या समाजाच्या परिषदेच्या अध्यक्षा त्याच होत्या. साथ आली तेव्हा परिषद भरविण्याचे दिवस नव्हते. त्यांनी आपला दत्तक मुलगा डॉक्टर यशवंत ह्यांना बोलावून घेतले आणि गावाबाहेर, हडपसरच्या बाजूस, उघड्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढवे येथील महारवाड्यात एका मुलाला प्लेगची गाठ आल्याचे कळताच त्या स्वतः तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आल्या. बाज धरावयास चौघे मिळाले नाहीत. एकाच बाईच्या पाठीची बाज झाली. मग त्यांनाच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

हा रोग उंदरावरच्या पिसवांनी पसरतो हे त्या दिवशी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. पोल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने ते पुढच्या वर्षी, १८९८ साली, दाखवून दिले. म्हणजे सावित्रीबाईंनी ते मूल उचलले तेव्हा आपणांस काय होऊ शकते ह्याची त्यांना कल्पना होती, पण ते कशाने होते व कसे टाळावे हे सांगणारा कोणी नव्हता. आपणांस मात्र २०२० साली मुखपट्टी, साबण व हातभर अंतर ह्यांचे ज्ञान फुकट मिळालेले होते.

सावित्रीबाईंना आपल्या मंडळीत ओढून घेण्याची घाई आपण करू नये. नगरास मिस फरार ह्यांच्याकडे त्यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले, त्याचा मिशनास आनंद असावा इतकेच. त्या ख्रिस्ती नव्हत्या. लूकच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी मनुष्य सुद्धा आपल्या मंडळीतला नव्हता, आणि प्रभूने उदाहरण म्हणून निवडले ते त्यालाच.

येथे एक शंका राहते, आणि ती हलकी नाही. पुष्कळ लोकांनी मला विचारले: पाळकसाहेब, देवावर भाव ठेवून रोग्यांत शिरणे हा विश्वास, की देवाची परीक्षा पाहणे? ऑगस्ट १५२७ मध्ये जर्मनीतील विटेनबर्ग गावी प्लेग आला, तेव्हा हाच प्रश्न मार्टिन ल्यूथर ह्यांना विचारण्यात आला होता. राजाने विद्यापीठ दुसऱ्या गावी हलविले. ल्यूथर गेले नाहीत. त्यांची पत्नी गरोदर होती, तरी घरात रोगी ठेवले. परंतु ब्रेसलाऊच्या पाळकांना त्यांनी जे लांब पत्र लिहिले त्यात शौर्याच्या गप्पा नाहीत. ज्याच्यावर दुसऱ्याचा भार आहे, तो पाळक असो, अधिकारी असो, की शेजारी असो, त्याने त्या रोग्याला सोडून जाऊ नये; ज्याच्यावाचून कोणाचे अडत नाही त्याने खुशाल दूर जावे. औषध घ्यावे, घरात धूर करावा, जेथे आपली गरज नाही तेथे जाऊ नये. आणि जो बेफिकिरीने दुसऱ्याला रोग लावतो त्याला त्यांनी खुनी माणसाच्याच पंक्तीला बसविले आहे. भिऊन पळणारा व मुद्दाम आगीत उडी घालणारा, दोघांनाही ते सारखेच झापतात.

आमच्या मंडळाने ह्याच मार्गाने जावयाचे ठरविले. मे २०२० मध्ये मी सभासदांची क्षमा मागितली. ती दूरध्वनीवर मागितली, कारण समोरासमोर भेटता येत नव्हते. मग पोलीस पाटलांकडे जाऊन परवानगी काढली. अकरा जणांनी गावची घरे वाटून घेतली: मंडळीची, मंडळीबाहेरची, मारुतीच्या देवळामागची, सगळी. ज्याच्या वाट्याला जे घर त्याने एक दिवसाआड अंगणात उभे राहून हाक मारावयाची, आत जावयाचे नाही. गोळ्या, शिधा, दळण, पेन्शनीचा कागद, जे हवे ते वहीत लिहून घ्यावयाचे. दोघे आठवड्यातून एकदा मोटारसायकलीने तालुक्याला जात व सगळ्यांच्या गोळ्या एकाच खेपेत आणीत. सभा खळ्यावर होई, दोन-दोन हात अंतरावर उभे राहून, आणि वीस मिनिटांत संपे. देवळाच्या पडवीत ती कधी दीड तासाच्या आत संपल्याचे मला आठवत नाही!

मुंबई व पुण्याहून चालत आलेले लोक शाळेत चौदा दिवस ठेवले होते. त्यांना जेवण कोणी द्यावे ह्यावर गावात कुरकुर झाली. रोगाचे भय हे कारण सांगितले जाई. परंतु त्या लोकांत कोणत्या जातीचे किती होते हेही लोक मोजीत होते, हे मी ऐकले आहे. आमच्या बायांनी दोन वेळची भाकरी व कालवण शाळेच्या फाटकाशी ठेवले. चौथ्या दिवशी दोन मराठा घरांतून पिठाचे डबे आले. पुढे कोणी कुरकुर केली नाही.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली, आणि ती पहिलीसारखी नव्हती. तोपर्यंत मंडळाने बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे एक यंत्र विकत घेतले होते. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला की वाट न पाहता रुग्णालय, असा नियम. त्या नियमाने सात माणसे वेळेवर गेली. त्यांतील पाच घरी आली. प्रेते पुरावयास नातलग सुद्धा पुढे येत नसत, तेव्हा मंडळाचे चौघे अंगभर वेष्टण घालून खड्डा खणीत. आणि त्याच मे महिन्यात आमचा एक सभासद वारला. छत्तीस वर्षांचा होता. मागे बायको व दोन मुली. त्याला रोग मंडळाच्या कामात जडला की साखर कारखान्याच्या नोकरीत, हे देवाला ठाऊक. त्याच्या वडिलांनी मला विचारले, "पाळकसाहेब, ह्याला घरी बसवला असता तर?" मी त्यांना शास्त्रवचन सांगितले नाही. त्यांच्याजवळ बसून राहिलो. काही प्रश्नांस उत्तर म्हणून वचन फेकणे हा वचनाचा अपमान आहे, असे मला वाटते. त्यांच्या थोरल्या नातीची शाळेची फी आज मंडळ भरते. ते म्हातारे गृहस्थ मंडळाच्या सभेला येतात, काही बोलत नाहीत, येतात.

प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला असे मार्क सांगतो. रोग्याच्या विश्वासाविषयी तो तेथे काही सांगत नाही. कदाचित त्या मनुष्यात विश्वास धरण्याचेही बळ उरले नसेल; आमच्या आजींत त्या अकरा दिवसांनंतर किती उरले होते ते मी पाहिले आहे. चौघांची नावे मार्काने दिली नाहीत. त्यांचा अध्यक्ष कोण होता हेही नाही, आणि तो नसावा असे मला अलीकडे वाटू लागले आहे. छप्पर पुढे कोणी दुरुस्त केले तेही लिहिलेले नाही. माझ्या मते त्या चौघांनीच केले असेल, दुसऱ्या दिवशी, माती कालवून. आणि तो पाचवा, जो काल बाजेवर होता, तो खालून घमेली वर देत असेल.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी ती आणीबाणी संपल्याचे सांगितले. आमच्या मंडळाची सभा आता पुन्हा देवळाच्या पडवीत होते, आणि पुन्हा दीड तास चालते. अध्यक्षपद मी सोडले; ते आता मास्तरांकडे आहे. आजी डाव्या हाताने गोळ्यांचा डबा सांभाळतात: गावातल्या एकोणतीस लोकांच्या महिन्याच्या गोळ्या त्यांच्या घरी येऊन पडतात व तेथून वाटल्या जातात, आणि कोणी न्यावयास चुकला तर त्या मुलांकरवी निरोप धाडतात. गेल्या महिन्यात जुनी वही संपली म्हणून मास्तर ती माझ्याकडे घेऊन आले. मार्च २०२० मधले माझे ते वाक्य त्यांनी दाखविले व विचारले, "हे खोडू का?" मी म्हणालो, "राहू द्या." त्याच्या खालची जागा मे महिन्यापर्यंत कोरी आहे, आणि मग मास्तरांच्या अक्षरात पहिली नोंद आहे: आजींचे नाव, गोळीचे नाव, रोज सकाळी एक.